सातव्या नंबरची चप्पल

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी द्वारकाबाईंच्या डाव्या पायाची जुनी चप्पल बोलते आहे. अंबडच्या बाजारात जन्मले. तळ टायरचा, अंगठा कातड्याचा. नऊ वर्षं अंतरवाली सराटीच्या कपाशीत काटे मी झेलले, पण उंबऱ्याच्या आत मला कधी जागा मिळाली नाही.

बाईंची मुलगी अर्पिता कॉलेजात संगणक शिकवते. ओसरीवर मायलेकी बोलत, म्हणून मला सगळं ठाऊक. वर्षभर ती संगणकातल्या संज्ञांसाठी लोझबान भाषेत शब्द घडवत होती. लोझबान ही मुद्दाम तर्काने रचलेली भाषा, तिथे मोघम बोललेलं खपत नाही. साठ शब्द झाले, पण ‘पॉइंटर’ म्हणजे संगणकात माहिती कुठे ठेवली आहे ते दाखवणारी खूण, तो शब्द अडला. त्या भाषेच्या जाणकारांनी तीनदा विचारलं, हा शब्द वस्तूचा की वस्तूच्या पत्त्याचा? रविवारी संध्याकाळी शेवटची बैठक होती. त्यांना पटलं नाही, तर सगळं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. पोरीचं जेवणावरून मन उडालं होतं.

त्याच सकाळी खताच्या दुकानापुढे रांग लागली. आमच्याकडे रांगेत माणसाच्या जागी चप्पल उभी राहते. मला सातव्या नंबरवर ठेवून मायलेकी लिंबाखाली चहा घेत बसल्या. तेवढ्यात मागून आलेल्या गावातल्या बद्रीनाथने मला पायाने बाजूला सारलं.

“इथं मानूस कुटंय? नुसती चप्पल हाय!”

बाई अनवाणीच धावल्या. “ती काय पोतं उचलनार हाय का? सात नंबरवाली कुटं बसली, तेवढं ती सांगती. तिकडं येऊन इचारायचं व्हतं!”

अर्पिता ताडकन उठली. “माय, पॉइंटर म्हंजे बिलकुल हेच!”

बद्रीनाथने मला उचलून जागेवर ठेवलं, तेही हाताने.

संध्याकाळी ऑनलाइन बैठकीत अर्पिताने मला थेट कॅमेऱ्यापुढे धरलं.

“अगं, एवढ्या शिकलेल्या मानसांला चप्पल दाखवती व्हय!” बाईंनी कपाळाला हात लावला.

पण पोर थांबली नाही. चप्पल म्हणजे बाई नव्हे, बाई कुठे आहे ते चप्पल धरून ठेवते, असं तिने सांगितलं. म्हणून तिने ‘पत्ता’ आणि ‘बाळगणे’ यांचे लोझबान शब्द जोडून नवा शब्द केला होता. बाई घरी निघून गेली तर, असं एकाने विचारलं. मग चप्पल खोटी पडते आणि प्रोग्रॅम तोंडावर आपटतो, ती म्हणाली. पलीकडे हशा पिकला आणि सगळे हात वर गेले. शब्द मंजूर झाला, अख्खी यादी मंजूर झाली, तीही आमच्या अर्पिताच्या नावाने! आनंदाने माझा झिजलेला तळसुद्धा थरारला.

आता यादीत त्या शब्दाशेजारी माझा फोटो आहे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी माझा उसवलेला अंगठा शिवून आणला.

मित्रांनो, रांगेत एकटी चप्पल दिसली तर तिला लाथाडू नका. जरा थांबा, कोणाची आहे ते विचारा. तिच्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त बसलेलं असतं.