खाच असलेलं कार्ड

मी ताळ्याची मशीन बोलतेय. परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात खिडकीपाशी माझं टेबल. शेजारची मशीन कार्डाला भोकं पाडते. आकडे म्हणजे ती भोकंच. तिनं लिहायचं आणि मी तिच्या चुका काढायच्या. अशी शेजारीण कुणाला आवडेल? पण माझं काम तेच.

कांता हजेरीपत्रक बघून तिकडे बोटं चालवायची. मग सुनेत्रा तेच पत्रक बघून तीच कार्डं माझ्यावर पुन्हा मारायची. दोघींचं जुळलं की मी कार्डाच्या कडेला खाच पाडायची, नाही तर लाल दिवा लावायची. "वटारले हिनं डोळे," कांता म्हणायची. खाचेचं कार्ड पुढे मोठी मशीन वाचते, आणि ती वाचेल ते सगळं ऑफिस मानतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून गिरणगाव रस्त्यावर आलं. गोळीबार झाला. आमच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या गंगाधरच्या मांडीत गोळी घुसली. संचारबंदीत गिरगावची सुनेत्रा अडकली. हेडक्लार्क शामराव म्हणाले, "कांता, तूच बस दोन्हीकडे."

हजेरीपत्रकात तीन म्हणजे आजारी, आठ म्हणजे न सांगता गैरहजर. गंगाधरच्या नावापुढचा पेन्सिलीचा पुसट तीन कांताला आठ दिसला. माझ्यापुढे बसली तरी डोळे तेच, आठही तोच. जुळलं. मी खाच पाडली.

न सांगता गैरहजर म्हणून गंगाधरचं नाव पटावरून कमी झालं. त्याची बायको दुर्गा ऑफिसात आली.

"वहिनी, हे मशीनमधून आलंय," शामराव म्हणाले. "मशीनचं कुणाशी वाकडं नसतं."

"मग तिला म्हणावं, इस्पितळात खाटेपाशी येऊन बघ."

शामरावांना ते लागलं. त्यांनी मोठ्या मशीनची धूळ काढली, कार्ड दमट झालंय का चाचपलं, पुन्हा पुन्हा घातलं. दर वेळी स्वच्छ आठ. सुनेत्रा कामावर आल्यावर त्यांनी तिला पत्रक देऊन माझ्यापुढे बसवलं. गंगाधरच्या कार्डाला लाल दिवा लागला. कांतानं पदर तोंडाला लावला.

नवं कार्ड झालं, बरोबर तिनाचं. पण तोवर गंगाधरच्या साच्यावर बदलीवाला कायम झाला होता. साहेब म्हणाले, जागा नाही. कुबडी घेऊन तो दुर्गाबरोबर बोटीनं गावी गेला.

आता दिवा लागला तरी कांता चिडवत नाही. "बघ बाई नीट," एवढंच म्हणते.

माझं एवढंच मागणं आहे. लिहील एक, तर ताळ्याला दुसऱ्याला बसवा. एकाच माणसापुढे मी आंधळी आहे. गंगाधरचं नवं कार्ड माझ्याच खणात पडलंय. त्याला खाचही आहे. मोठ्या मशीनकडे ते कुणी नेत नाही.