द्वारपाल बोलला

"वहिनी, साडेसातला टीव्ही लावा हं. विसरू नका! आज द्वारपाल बोलणार!"

सकाळपासून हे पाचव्यांदा ऐकत होते, ह्या वेळी नणंदेचा फोन. त्याआधी शेजारीण सांगून गेली, दूधवाल्यानं सांगितलं, लेकीनं तर दोनदा सांगितलं. चौकात दोन मजली फलक लागला होता. त्यावर द्वारपालाचा उघडा जबडा आणि खाली लाल अक्षरांत 'आठ वर्षांचं मौन सुटणार!'

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"दादाला किती बरं वाटेल ना, वहिनी?"

मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. बरं वाटेल म्हणे! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

हा दादा म्हणजे आमचे हे. सव्वीस वर्षं बसस्टँडवर घोषणा करायचे. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणाचं मूल हरवलंय, कोणाचं पाकीट सापडलंय. मी त्याच स्टँडवर गहाळ सामानाच्या खिडकीत बसायचे. आमचं लग्न जमलं ते एका छत्रीवरून. छत्री सापडली होती आणि मालक काही येईना. ह्यांनी तिची घोषणा आठवडाभर केली, दिवसातून सहा सहा वेळा, आणि दर वेळी 'कोणी आलं का?' असं विचारायला जातीनं माझ्या खिडकीशी हजर. शेवटी स्टँडमास्तर वैतागून म्हणाले, "अहो, त्या छत्रीशी एकदाचं लग्न तरी लावून टाका!" इंजिनांच्या घरघरीत, चारशे माणसांच्या कलकलाटात ह्यांचा आवाज कसा, कानाशी येऊन बोलल्यासारखा ऐकू यायचा.

साडेआठ वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला, गळ्याला कायमचा रुमाल आला. हनुवटीखाली धरून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ह्यांनी ते एकदा लावलं, स्वतःचा तो डब्यात कोंडल्यासारखा आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात टाकलं ते टाकलंच. स्टँडवर ह्यांच्या जागी टेप आली आणि ह्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. घरी यायचे ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. वहीत दोन शब्द लिहायचे, 'भूक नाही', 'दिवा घालव'. सहा महिने मी त्या वहीशी संसार केला.

आणि मग ती मालिका सुरू झाली, 'सात दारांची नगरी'. मला असल्या गोष्टींचं वेड कधीच नव्हतं. बोलणारी नदी काय, उडणारे मासे काय, सगळा पोरखेळ! पण लेक लावायची म्हणून कानावर पडायचं. त्यात एक द्वारपाल होता. रोज संध्याकाळी दारं लावताना तो हाळी द्यायचा आणि त्या हाळीवर सगळं नगर निर्धास्त झोपायचं. एकदा काळं धुकं नगरातली पोरं उचलून नेतं. पोरं हवीत तर तुझा आवाज दे, नदी म्हणते. तो देतो. आणि त्या नगरीचा कायदा एकच, सातव्या दारावर कोरलेला, की दिलेलं परत मागायचं नाही.

तो भाग चालू असताना हे अंथरुणावर उठून बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून.

पुढच्या भागापासून द्वारपाल काठीनं बोलायला लागला. दोनदा ठोकलं की हो, एकदा ठोकलं की नाही, तळहात छातीवर ठेवला की 'मी आहे इथे'. आठवड्याभरात आमच्या घरातलं टेबल वाजायला लागलं. चहा करू? टक टक. रागावलात? टक. मी डोळ्यांत पाणी आणलं की तळहात छातीवर. वही रद्दीत गेली. किराणावाला शिकला, बँकेतली पोरगी शिकली. "काय द्वारपाल, मिशी बारीक करू का?" न्हावी विचारायचा आणि हे खुर्चीच्या दांड्यावर ऐटीत ठोकायचे. माझा माणूस मला परत मिळाला तो असा.

तेव्हा ती मालिका आम्ही सोडली नाही. सोडावी असं मालिकावाल्यांनी काय कमी केलं? राणी तीनदा मेली. पहिल्यांदा मेली तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा मेली तेव्हा भांडी घासायला उठले. तिसऱ्यांदा मेली तेव्हा म्हटलं, "बाई, येशीलच परत, येताना दूध घेऊन ये." हे हसून हसून टेबल बडवत होते. प्रधानाला जुळा भाऊ निघाला, मग जुळ्याला तिळा. जिथं कोणी मरतच नाही तिथं काळजी तरी कोणाची करायची? शेजारणीनं केव्हाच बंद केली, लेकही अधूनमधूनच बघायची. आम्ही बघायचो फक्त द्वारपालासाठी. त्याचं गेलेलं गेलेलं होतं आणि तरी तो उभा होता. सगळ्या खोटेपणात तेवढंच एक खरं उरलं होतं.

तर त्या दिवशी ह्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची पुढं ओढली.

"नको लावूया का?" मी विचारलं.

टक.

नदीतून ती नदीबाई वर आली. हातात निळा मोती. म्हणाली, "द्वारपाला, ती तर तुझी परीक्षा होती! तू चांगला, म्हणून तुझं तुला परत." परीक्षा! आठ वर्षांनी आठवलं हिला. मग ढोल, मग वीज, मग साबणाची जाहिरात. परत ढोल, परत वीज. त्यानं मोती जिभेखाली ठेवला, डोळे मिटले. मग घसा फाडून ओरडला, "आठ वर्षं मी मेलो होतो! आज मी पुन्हा माणूस झालो!"

हे शांतपणे उठले. टीव्ही बंद केला. शर्ट काढून, घडी घालून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "चहा करू?" टेबल वाजलं नाही. मला वाटलं, ऐकलं नसेल. परत विचारलं. ह्यांनी ड्रॉवर उघडला, कोरी वही काढली आणि लिहिलं, 'चालेल.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला होता म्हणे! ह्या आठ वर्षांत ह्यांनी लेकीचं लग्न केलं, पार्सलची खोली सांभाळून निवृत्त झाले, नातीला सायकल शिकवली, माझा पाय मोडला तेव्हा दोन महिने मला उचलून न्हाणीघरात नेलं. हे सगळं कोणी केलं, मढ्यानं? ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याला दोन दिवस बोलायला बंदी घालायला हवी. मग कळेल, मुकं माणूस मेलेलं असतं की नाही ते. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

हे मात्र दिवसेंदिवस आत आत जायला लागले. न्हाव्याकडे जाईनात. बागेतल्या बाकावर तीन मित्र वाट बघून कंटाळले. त्यांतला एक घरी आला आणि हसत म्हणाला, "काय मग, तुमचा मोती कधी येतोय?" बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. ह्यांनी वहीत लिहिलं, 'डोकं दुखतंय', आणि आत गेले. मालिका गेली खड्ड्यात. मला माझा माणूस परत पाहिजे होता.

तीन आठवड्यांनी दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"काकू, वाहिनीकडून आलेय. 'सात दारांची नगरी' बघता का?"

"बघायचो."

"आता का नाही? बघणारे फार कमी झालेत, म्हणून पाहणी चाललीय. पर्याय वाचते हं. एक, वेळ सोयीची नाही. दोन, कलाकार आवडत नाहीत. तीन, जाहिराती फार. चार, दुसरी मालिका बघतो."

"आणि आम्हाला मूर्ख समजता, हा कितवा?"

ती गडबडली. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सुरू झाले. "मला सांग, त्यानं आवाज दिला म्हणून पोरं सुटली ना? मग आवाज परत दिलात तर पोरं परत धुक्यात गेली का? नाही गेली! म्हणजे सगळं फुकटच होतं. फुकटच्या गोष्टीवर आठ वर्षं रडवलंत आम्हाला. दारावर कायदा तुम्हीच कोरलात आणि तुम्हीच पुसलात. बरं, तुमच्या घरचा कायदा तुम्ही पुसा. पण ज्यांचं गेलेलं परत येत नाही, ते सगळे मेलेले, हे कोणी सांगितलं तुम्हाला? असं बोलायला जीभ धजली कशी?"

माझा आवाज चढला होता. आतल्या खोलीचं दार हलकेच लागलं. मुलीनं त्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता विचारू नये, एवढं तिला कळलं.

"काकू, 'इतर'मध्ये लिहिता येईल," ती हळू म्हणाली. "पण चाळीसच अक्षरं बसतात."

"मग लिही, थोडी लाज बाळगा."

तिनं बोटांवर मोजलं. "बसतंय!" म्हणाली आणि हसत हसत खरंच लिहिलं. मग टॅब मिटून म्हणाली, "खरं सांगू का काकू? 'इतर' कोणी वाचत नाही. माझी आईपण हेच म्हणते, घरोघरी हेच ऐकते मी. पण वरच्यांचं म्हणणं, लोकांना धक्के कमी पडतायत. पुढच्या महिन्यात तीन डोक्यांचा गरुड येतोय."

"येऊ दे. एका डोक्यानं विचार करता येईना, निदान तिथं तरी तीन असू देत."

ती गेली. मला क्षणभर मोकळं वाटलं. पण आतलं दार उघडलं नाही ते नाहीच.

त्या रविवारी लेक, जावई आणि नात जेवायला आली. नात सहा वर्षांची. पाय एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. हे खिडकीशी बसले होते, गळ्याला नेहमीचा रुमाल. भिंगरी तडक त्यांच्यापाशी गेली आणि मूठ उघडली. मुठीत निळा मणी होता, कुठल्याशा तुटक्या माळेतला.

"आजोबा, हा घ्या. गिळायचा नाही, जिभेखाली ठेवायचा. आणि डोळे मिटायचे."

मी हातातलं भांडं तसंच ठेवून धावले. मणी हिसकावून घेणार, तोच ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. मणी घेतला, जिभेखाली ठेवला, डोळे मिटले. तिनं दहा आकडे मोजले, मोठ्यानं.

"हं, बोला!"

ह्यांनी तोंड उघडलं. काही नाही.

"नीट ठेवला नाही तुम्ही. परत."

परत दहा आकडे. परत काही नाही. तिसऱ्यांदाही तेच. स्वयंपाकघराच्या दारात लेक तोंडावर हात धरून उभी होती. भिंगरीनं कमरेवर हात ठेवले आणि अगदी काळजीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही काही वाईट केलं होतं का? तो चांगला होता म्हणून त्याला मिळाला."

त्या क्षणी ती मालिका लिहिणारे माझ्यासमोर असते ना, तर मी काय केलं असतं ते इथं सांगण्यासारखं नाही. पोरीचा काय दोष? मोठ्यांनी शिकवलं तेच ती विचारत होती.

ह्यांनी मान हलवली, नाही. मणी तोंडातून काढला, पुसला आणि तिच्या मुठीत परत ठेवला. ती रडवेली झाली.

"मग तुम्ही अजून मेलेलेच आहात?"

ह्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मानेमागं हात नेऊन रुमालाची गाठ सोडली.

स्वरयंत्र काढताना श्वासासाठी ठेवलेलं गळ्यावरचं ते भोक आठ वर्षांत मी आणि डॉक्टर, दोघांनीच पाहिलं होतं. लेकीनंसुद्धा नाही. न्हाव्याकडे उकाड्यातही रुमाल सुटायचा नाही. माझ्या सख्ख्या नणंदेला त्या रुमालाखाली काय आहे ते माहीत नव्हतं. ह्यांनी भिंगरीचा हात धरला, तिचा तळवा त्या भोकासमोर आणला आणि नुसता श्वास सोडला.

तिनं हात झटकन मागं घेतला. मग आपणहून पुढं केला.

"वारा येतोय," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "गरम आहे."

ह्यांनी परत श्वास सोडला. ती हसली, तिला गुदगुल्या झाल्या. "आई, इकडे ये, आजोबा इथून श्वास घेतात! हात लाव, घाबरू नको!" लेक आली. तिनंही तळवा धरला. ह्यांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मी पानं घेतली. जावई आधीच येऊन बसला होता. हे आले, रुमाल खांद्यावर टाकलेला, गळा उघडा, आणि तसेच त्याच्यासमोर जेवायला बसले. जावयानं एकदा पाहिलं आणि भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.