तारूफोईंच्या गालावरचा तीळ

किरीटभाईंना खोड एकच, पण ती सगळ्यांना पुरून उरायची. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांची जीभ खाजायची. पूर्वी कापडाच्या ताग्यांवर चिकटवायचे ना, ती रंगीत लेबलं जमवण्यात त्यांनी उभा जन्म घातला होता. कुठलं लेबल कुठल्या देशात, कुठल्या साली छापलं, हे अख्ख्या अहमदाबादेत त्यांनीच सांगावं.

रविवारी त्यांच्या लेबलांचं प्रदर्शन होतं. एका गिरणीची सगळी मालिका जमली होती, फक्त दुधाची चरवी घेतलेली मुलगी तेवढी नव्हती. ती होती चौकटीत, तारूफोईंच्या झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर. तारूफोई, मूळ नाव तारागौरी, म्हणजे सगळ्या गल्लीची आत्या. त्या लेबल द्यायला तयार होत्या, पण अट घालून.

"खाली लिहायचं, हे चित्र तारागौरीचं."

किरीटभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. फोईंचे यजमान रमणीकलाल गिरणीचे दलाल होते. तुझा फोटो विलायतेला पाठवून हे काढून घेतलं, असं त्यांनी लग्नाच्या वर्षी बायकोला सांगितलेलं. ते गेले, पण बाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते चित्र दाखवत होत्या.

"फोई, हिचे डोळे घारे आहेत."

"छापणाऱ्यांकडे तोच रंग असेल."

"तीळ उजव्या गालावर आहे. तुमचा डाव्या."

"दगडाचा छापा असतो रे, उलटतो. ह्यांनीच सांगितलंय. एवढी लेबलं जमवलीस आणि एवढंही ठाऊक नाही?"

किरीटभाईंनी दातओठ खाल्ले. अहो, दगडावर चित्र मुळातच उलटं काढतात, म्हणून तर छापल्यावर ते सुलट येतं! आणि असलं काही लिहिलं तर तो जसुभाई, गावातला दुसरा लेबलवाला, वर्षभर दात काढत फिरला असता.

त्यांनी युक्ती काढली. लेबलाच्या खालच्या कडेला छापणाऱ्याचं नाव आणि साल असतंच. ते फोईंच्या नाकासमोर धरलं की अट आपोआप गळाली. काचेत कसर शिरलीय, साफ करून देतो, असं म्हणत त्यांनी चौकट उघडली.

कड नव्हतीच. कुणीतरी कात्रीने सफाईदार कापली होती. किरीटभाईंनी कागद उजेडात धरून पाहिला. कड गेलेलं लेबल म्हणजे फाटलेला पतंग, त्याला कोण विचारतो?

"हे कापलं कोणी?"

"मी." फोई तळलेल्या मठियाची पापडी मोडत म्हणाल्या. "साल होतं तिथे. माझ्या जन्माच्याही आधीचं. एखाद्या पाहुण्याने वाचलं असतं तर ह्यांचं हसं झालं असतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. अरे, माझे दात पुढे, रंग हा असा. मला कधी कुणी बरी दिसतेस म्हटलं नव्हतं. ह्यांनी एवढी मोठी थाप मारली ती माझ्यासाठी. ती मीच मोडू?"

"कड कापल्याचं त्यांना कळलं?"

"कोण जाणे. कळलं असेल तरी बोलले नाहीत." फोईंनी झोपाळ्याला पायाने हलका झोका दिला. "आता माझ्यामागे ही गोष्ट सांगणार कोण? म्हणून नाव लिही म्हटलं. जमत नसेल तर राहू दे, बाबा."

किरीटभाईंना भरून आलं. ते बराच वेळ चौकटीचे खिळे ठोकत बसले.

रविवारी फोई नवी साडी नेसून प्रदर्शनात पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. जसुभाई भिंग घेऊन आला आणि नेमका त्या चौकटीपाशी थांबला.

"किरीट, कड कुठाय? आणि हे तारागौरीचं चित्र? डोकं ठिकाणावर आहे ना? तीळ बघ, दुसऱ्याच गालावर."

फोईंनी मान खाली घातली आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

किरीटभाईंनी जसुभाईच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

"दगडाचा छापा असतो तो, उलटतो," ते म्हणाले. "एवढंही ठाऊक नाही?"