सात नंबरचा शोरबा

"हे कोणी शिजवलंय?" रिसोलतनं वाडग्याला बोटही न लावता विचारलं.

"स्वयंपाकघरानं," परिचारिका मस्तुरा म्हणाली.

"स्वयंपाकघराला हात असतात. नाव सांग."

"इनोबत-ओपानं. तीस वर्षं झाली, सात नंबरचं सगळं जेवण तीच…"

पुढचं ऐकून घ्यायची रिसोलतची तयारी नव्हती. सुजलेल्या मनगटानं तिनं वाडगा लोटला. भोपळ्याचा केशरी ओघळ चादरीवरून पलंगाच्या लोखंडी कडेपर्यंत आला, तिथं क्षणभर घुटमळला आणि थेंबाथेंबानं फरशीवर उतरू लागला.

"तिला सांग, तिचं मीठ मी खाणार नाही. माती खाईन."

रिकामा वाडगा तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात पोचायच्या आत हा निरोप पोचला. इनोबत, अख्ख्या दवाखान्याची ओपा म्हणजे थोरली बहीण, तेव्हा बटाटे दुसऱ्या पाण्यात घालत होती. सात नंबर म्हणजे मूत्रपिंडाच्या रोग्यांचा आहार; त्यासाठी बटाटा दोन पाण्यांत भिजवून त्याचा क्षार काढावा लागतो. तिनं ऐकलं, पाणी बदललं, आणि पुन्हा बदलायची गरज नसताना पुन्हा बदललं.

रिसोलत तिची विहीण. चार वर्षांपूर्वी इनोबतची लेक दिलरबो नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतली, तेव्हा समेट व्हावा म्हणून इनोबत मुगाच्या शोरब्याचं पातेलं रुमालात बांधून विहिणीच्या दारी गेली होती. रिसोलतनं ते पातेलं उंबऱ्याबाहेर उपडं केलं, नानवर हात ठेवला आणि शपथ घेतली, की या बाईचं मीठ आपल्या जिभेला लागणार नाही. एक दिवस ज्याचं मीठ खाल्लं त्याला चाळीस दिवस सलाम करावा, असं मानणाऱ्या फरगाना खोऱ्यात ही शपथ तलाकनाम्याहून पक्की होती. दिलरबो पुढं मॉस्कोला शिलाईच्या कामाला निघून गेली. तिची मुलगी सबो मात्र बापाच्या घरी, रिसोलतच्या पदराखाली राहिली. तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. त्यानंतर इनोबतनं नातीला पाहिलं नव्हतं. दोनदा ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही वेळा रिसोलतच्या मुलानं, तुलकिननं, तिला चारचौघांत हाकलून लावलं.

आता तीच रिसोलत डोक्यावर, दोन मजले वर, पाण्यानं फुगलेले पाय पसरून पडली होती.

दोन दिवस ती काही जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मस्तुराला जवळ बोलावलं.

"ह्या शोरब्यात मीठ किती असतं?"

"सात नंबरला मीठ नसतंच. औषधालासुद्धा नाही."

रिसोलत छताकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं, वकिलाला जुन्या दस्तात पळवाट सापडावी तसं.

"मग आण. मीठ नाही म्हणजे ते पाणीच. पाण्याचे उपकार कोणी मानत नाही."

त्या दिवसापासून ती जेवू लागली, आणि इनोबत शिजवू लागली. आधीही ती शिजवतच होती. पण आता तिच्या हातात काहीतरी शिरलं. त्याला प्रेम म्हणावं तर त्याला धार होती, आणि वैर म्हणावं तर ते फार निगुतीचं होतं. मीठ नसलेल्या अन्नाला चव आणणं म्हणजे मुक्याकडून गाणं काढणं. ती कांदा तेलाशिवाय, झाकणाखाली, स्वतःच्याच पाण्यात इतका वेळ ठेवी की तो अखेर गोड होऊन शरण येई. टोमॅटो जाळावर काळे करी. आंबट वाळल्या आलुबुखाराची एकच फोड, भरड कुटलेले धणे, शेपूची काडी. रिसोलतच्याच खोलीतल्या रशियन क्लावदिया मावशीसाठी ती बीट आणि कोबीचा आंबटसर रस्सा, बोर्श्च, करी. कोपऱ्यातल्या कोरियन म्हातारीला आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा खारट म्हणून वर्ज्य होता. तिच्यासाठी भाजलेलं सोयाबीन कुटून मुळ्याच्या पाल्यात घाली. माणूस परक्या मुलखात पन्नास वर्षं काढतो, भाषा विसरतो, देव विसरतो. आजारी पडल्यावर मात्र तो आईच्या पातेल्याकडंच तोंड करतो, हे तिला ठाऊक होतं. रिसोलतसाठी मूगतांदळाचा तोच शोरबा असे, जो उंबऱ्याबाहेर सांडला होता.

वाडगे चाटूनपुसून परत येऊ लागले. शब्द मात्र आला नाही.

"चिमूटभर टाका की," मस्तुरा एकदा ताट भरता भरता म्हणाली. "एकदा पोटात गेलं की विहीणबाई बांधली गेली. जन्मभर सलाम ठोकेल. नात नवरोजच्या सणाला तुमच्या दारात."

"आणि तिचे पाय?"

"पाय आधीच हत्तीचे आहेत. कोणाला कळतंय?"

इनोबत हसली नाही. दुसऱ्या दिवशी रिसोलतचा वाडगा भरल्यावर तिची बोटं कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी ठेवलेल्या मिठात शिरली आणि चिमूट धरून बाहेर आली. वाफ तिच्या मनगटाला लागत होती. एवढ्या मिठानं त्या पायांचं काय होईल, हे तिला डॉक्टरांइतकंच नीट माहीत होतं. आणि ते माहीत असणं तिला मुळीच अप्रिय वाटत नव्हतं, हेही तिनं स्वतःपासून लपवलं नाही. मग तिनं हात झटकला. दयेपोटी नव्हे. नकळत पोटात ढकललेलं मीठ मोजत नाहीत. रिसोलतनं ते जाणूनबुजून, तिच्या डोळ्यांत बघत खाल्लं असतं, तरच तिला ते हवं होतं.

अकराव्या दिवशी ती स्वतःच ताट घेऊन वर गेली.

खोलीतले सगळे चमचे थांबले. रिसोलतनं मात्र आपला चमचा उचलला आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली.

"सबो कशी आहे?" इनोबतनं विचारलं.

"जेवते. मीठ घातलेलं."

"विहीणबाई, नवरोजला एक दिवस तिला पाठवा. ऊन उतरायच्या आत परत आणून सोडीन."

"का म्हणून? मी तुझं काय खाल्लंय?"

"आठ दिवस माझ्याच हातचं खाताय."

"शोर म्हणजे खारट. खारटपणाच नाही, तर शोरबा कसला? गरम केलेलं कालव्याचं पाणी पितेय मी." तिनं वाडगा तिरका करून तळाचे मूग गोळा केले. "कालव्याकडं कोणी नातीला पाहुणी धाडतं का गं?"

क्लावदिया मावशी उशीत तोंड खुपसून हसली.

"अंग सगळं सुजलं, जीभ तेवढी वाचली," इनोबत म्हणाली.

"तुझी लेक नांदली असती तर जीभही थकली असती. ने हा वाडगा. आणि उद्या धणे कमी घाल, पाण्याला वास येतो."

इनोबतनं वाडगा उचलला. तो पूर्ण रिकामा होता. दुसऱ्या दिवशी तिनं धणे कमी घातले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात रिसोलतची सूज उतरायची सोडून चढू लागली. तेविसाव्या दिवशी डॉक्टर नादिरोवनी इनोबतला आहे तशी, ओल्या हातांनिशी, वर बोलावून घेतलं. खोलीच्या दारात मस्तुरा भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं, की तिची ती थट्टा आता कोणाच्या ना कोणाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत गेली आहे.

"दोन दिवसांत वजन तीन किलोंनी वाढलं," डॉक्टर म्हणाले. "ते पाणी मिठाशिवाय अंगात थांबत नाही, ओपा. तुमचं आणि ह्यांचं काय वाकडं आहे, ते अख्ख्या दवाखान्याला ठाऊक आहे."

"मी मीठ घातलेलं नाही."

"मग काय भिंतींतून झिरपलं?"

"तीस वर्षांत घातलेलं नाही."

"तीस वर्षांत तुमची विहीण इथं दाखल नव्हती." ते पलंगाकडं वळले. "रिसोलत-खोला, तुम्हीच सांगा. शोरबा खारट लागत होता का? नुसती मान हलवली तरी पुरे. आज संध्याकाळपासून ही बाई ह्या स्वयंपाकघरात दिसणार नाही."

रिसोलतनं इनोबतकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती तिच्याकडं इतका वेळ पाहत होती. त्या नजरेत माया नव्हती, संकोचही नव्हता; एखादी बाई बाजारात खरबूज हातात घेऊन त्याचं वजन अजमावते, तशी ती समोरच्या संधीचं वजन अजमावत होती. एक मान हलली असती तर ही बाई निवृत्तीच्या तोंडावर चोरासारखी फाटकाबाहेर गेली असती. पलंगाशेजारच्या नळीतून थेंब पडत होते. इनोबतनं मान खाली घातली नाही.

"डॉक्टर," रिसोलत म्हणाली, "हिनं मीठ घातलं असं मी म्हटलं, तर मी ते खाल्लं असं होईल. मग हिचा माझ्यावर हक्क निघेल. तेवढं मला परवडायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवीस दिवसांत हिच्या पाण्यात मिठाचा कण नव्हता. मीठ माझ्या घरचंय. थर्मास पलंगाखाली आहे, बघा. माझा तुलकिन आणतो. मेंढीचा शोरबा. खराखुरा." तिनं धाप लागेपर्यंत आवाज चढवला. "सगळ्यांनी ऐका. रिसोलतनं हिचं मीठ खाल्लेलं नाही. उद्या कोणी म्हणायला नको."

मस्तुरानं वाकून थर्मास बाहेर ओढला. झाकण उघडताच चरबीचा, जिऱ्याचा दाट वास खोलीभर पसरला. डॉक्टर निघून गेले. माफी मागण्याची त्यांची पद्धत नव्हती.

इनोबत तिथंच उभी राहिली. एकाच वाक्यानं तिची नोकरी वाचली होती, आणि त्याच वाक्यानं, सहा साक्षीदारांसमक्ष, नातीकडं जाणारी वाट बुजवली होती.

"आता का थांबलीस?" रिसोलत डोळे मिटून म्हणाली. "आभार मानायला थांबली असशील तर जा. मी तुझ्यासाठी नाही बोलले."

"माहीत आहे," इनोबत म्हणाली. "बोर्श्च उतू जाईल."

थर्मास बंद झाला आणि सूज उतरू लागली. नवरोजला आठ दिवस उरले असताना रिसोलतला घरी सोडलं. थंड, धुकट सकाळ होती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून इनोबतला आवारातली मोटार दिसली. तुलकिननं आईला आधार देऊन पुढच्या आसनावर बसवलं. मागच्या काचेआड एका मुलीच्या केसांतलं पांढऱ्या फितीचं भलंमोठं फूल हललं.

इनोबतनं बीटानं रंगलेले हात धुतले. रंग पुरता उतरला नाही. तिनं डागाळलेला एप्रन सोडला, घडी करून दाराच्या कडीत अडकवला, डोईचा रुमाल नीट बांधला आणि आवारात, मोटारीपासून दहा पावलांवर, ताठ उभी राहिली. तिनं हाक मारली नाही.

रिसोलतनं तिला पाहिलं. "चल," ती मुलाला म्हणाली. "गाडी गरम व्हायची वाट कशाला बघतोस?"

गाडी मात्र लगेच सुरू होईना. मागं बसलेल्या मुलीनं बाहेरच्या अनोळखी बाईकडं एकवार पाहिलं, जसं रस्त्यातल्या झाडाकडं पाहावं. मग तिनं काचेवर फुंकर मारली आणि त्या वाफेवर बोटानं घर काढलं: दोन भिंती, छप्पर, धुराडं. घर पुरं व्हायच्या आत इंजिन खोकलं आणि गाडी फाटकाबाहेर वळली.

इनोबत बराच वेळ त्या फाटकाकडं बघत राहिली. मुलीनं घर डाव्या हातानं काढलं होतं. सबो डावखुरी आहे, हे तिला आज कळलं होतं.