चादरीखालचा केग

काळं रबरी वायसर फरशीवर गोल गोल फिरत होतं, आधी कडेवर उभं, मग कललेलं, मग नुसतंच थरथरत. केतन त्याच्याकडेच बघत राहिला होता, कारण त्याच्या पलीकडे बघायचं धैर्य अजून गोळा व्हायचं होतं. कानांत तो आवाज भरून राहिला होता. टायर फुटावा तसा, पण ओला... आणि त्यामागून फेसाचा लोट, भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, ग्रिलच्या गजांवर. वायसर आडवं पडलं. मग त्याला वर बघावंच लागलं.

बाबा खुर्चीतच होते. ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा एका कानावरून सुटून गालावर लोंबत होता, आणि पांढऱ्या केसांतून, कपाळावरून, भुवयांतून, मिशीतून मधाच्या रंगाची बिअर निथळत होती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, स्फोटाआधी असतील तसेच. ते घाबरले नव्हते. ओरडले नव्हते. आणि तेव्हा केतनला ते दिसलं – बाबांची जीभ बाहेर आली, सावकाश, वरच्या ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मिशीखालून फिरली, आणि आत गेली.

एवढंच. पण केग, घरच्या बिअरचा तो प्लास्टिकचा पिंप, फुटला तेव्हा जे त्याच्या आत फुटलं नव्हतं, ते आता फुटलं.

"डोळ्यात गेलं का बाबा?" वर्षाली मागून आली होती, हातात पोह्यांचा झारा तसाच. तिनं झारा खाली टाकला, पदराची घडी करून सासऱ्यांचं कपाळ टिपायला लागली, वरून खाली नाही, मधून बाहेर, डोळ्यापासून लांब, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. केतनला डोळा आठवलाच नव्हता. सोमवारी मोतीबिंदू काढलेला उजवा डोळा, ज्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही म्हणून डोक्यावरून आंघोळ बंद, तो डोळा बायकोला आधी आठवला आणि आपल्याला दिसली ती जीभ. आपण कसला मुलगा...

दारावर थाप पडली. डोंबिवलीत काहीही फुटलं की माणसांचं मन आधी एमआयडीसीकडे धावतं, मग सिलिंडरकडे. समोरच्या कलावतीकाकू दोन्ही शंका घेऊन आल्या होत्या. वर्षालीनं दार अर्धंच उघडून कुकरचं झाकण उडाल्याचं सांगितलं. काकूंनी नाक वर करून वास घेतला असणार, कारण त्या लगेच गेल्या नाहीत. पण शेवटी गेल्या.

कुकर. केतनला वाटलं, या घरात आज पहिलं खोटं बोललं गेलं, आणि तेही माझ्यामुळे.

पण पहिलं ते नव्हतंच. पहिलं खोटं ती चादर होती. बाबा खडवलीहून ऑपरेशनसाठी येणार हे ठरलं त्या संध्याकाळी त्यानं गॅलरीतल्या केगवर निळी चादर टाकली, वर एक जुनी उशी ठेवली, आणि कोणी विचारलंच तर हिवाळ्याची अंथरुणं आहेत असं सांगायचं ठरवलं. कोणी विचारलं नाही. बाबांनी मात्र घरात आल्यावर बसायला जागा निवडली ती नेमकी तीच, गॅलरीत, चादरीच्या शेजारची खुर्ची. वारा येतो म्हणाले. सकाळी चहा तिथे, दुपारी डोळे मिटून तिथे, संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या मुलांचा आरडाओरडा ऐकत तिथे.

बिअर करायचं खूळ त्याच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी शिरलं. ठाण्याच्या ऑफिसात एकजण करायचा. मोड आणून वाळवलेले जव, यीस्टची पुडी, कडवटपणासाठी ती वाळलेली हिरवी फुलं, हॉप्स – सगळं कुरिअरनं घरी येतं म्हणाला. स्टीलचे केग महाग आणि जड, पण हा तपकिरी प्लास्टिकचा मिळतो, पाण्याच्या कॅनएवढा, खाली तोटी, वर झाकणात गॅस सोडायचा व्हॉल्व्ह. शिकणाऱ्याला हाच बरा. केतननं मागवला. वर्षालीनं हे कायद्यात बसतं का असं एकदा विचारलं, त्यानं घरापुरतंच तर आहे असं म्हणून टाळलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही, पण तिच्या डोळ्यांत दुसरा प्रश्न होता, आणि तो खरा प्रश्न होता: तू? तुझ्या घरात जे झालं त्यानंतर, तू?

त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, फक्त तिला सांगण्यासारखं नव्हतं. लहानपणी ज्या वस्तूनं घर खाल्लं ती त्याला आपल्या हातानं बनवायची होती. तापमान मोजून, साखर वजन करून, झाकण लावून, गॅलरीच्या कोपऱ्यात गप्प बसवून. महिन्यातून एखाद्या रविवारी पाव ग्लास प्यायचा आणि बाकीची मित्रांना वाटायची. बघा, ही एवढीशी आहे, हिला भ्यायचं काय. प्रत्येक वेळी तोटी बंद करताना त्याला जिंकल्यासारखं वाटायचं, आणि कोणाविरुद्ध जिंकलो हे तो स्वतःला कधी विचारत नसे.

फक्त एक नियम होता. गॅस भरावा म्हणून शेवटी थोडी साखर घातली की रोज सकाळी व्हॉल्व्ह जरासा सैल करायचा. सुस्स... मग घट्ट. एप्रिलच्या उन्हात तर नक्कीच. आणि सोमवारपासून त्यानं ते केलं नव्हतं. कसं करणार? बाबा शेजारी. सुस्सकन आवाज होणार, वास सुटणार – तो वास, त्या माणसाच्या नाकाशी. रोज रात्री झोपताना तो ठरवायचा की उद्या बाबा आंघोळीला गेले की करू. पण बाबा ओल्या फडक्यानं अंग पुसून पाच मिनिटांत परत खुर्चीत. चादर फुगत चालली होती का? आता वाटतं, होती. त्यावरची उशी काल कलली होती, आणि मी ती सरळ केली. दाबून.

लाजेनं फुटला तो केग. प्लास्टिक बिचारं काय करणार.

वर्षालीनं बाबांचा सदरा बदलला, डोकं ओल्या टॉवेलनं पुसलं, पण केस धुता येईनात. डोळा दाखवून यायला केतननं रिक्षा बोलावली. ठाकुर्लीच्या पुलावरून जाताना दोघं शेजारी बसले होते, आणि वारा उलटा येत होता, आणि त्या वाऱ्याबरोबर ते आलं... बाबांच्या अंगाचा वास आणि दारूचा वास, दोन्ही एकत्र, एकमेकांत मिसळलेले. रिक्षावाल्यानं आरशातून म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. केतननं मान वळवली. वीस-एकवीस वर्षांत हा वास त्याला आला नव्हता. वेगवेगळे आले होते, एकत्र नव्हते. दाराची कडी वाजण्याआधीच जिन्यातल्या पावलांवरून आज किती झाली आहे हे ओळखणारा आठ वर्षांचा पोरगा त्याच्या आत अजून जागाच होता. आईनं पिठाच्या डब्यामागे लपवलेली बाटली. आईचा सुजलेला अंगठा. बाबांची आंबिवलीची कंपनी बंद पडली त्या वर्षी घरातली भांडी एकेक करून कमी होत गेली आणि आईनं एकदाही त्यांची नावं घेतली नाहीत...

हे सगळं त्याला येणार हे ठाऊक होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं आणि तो चक्रावला.

खडवलीची नदी. उन्हाळ्यातली, गुडघाभर. बाबांच्या खांद्यावर तो, पाय त्यांच्या छातीवर लोंबलेले, आणि खालून येणारा हाच वास. बाबा बोलताहेत. पाण्यातल्या माशांची नावं, पलीकडच्या डोंगराची गोष्ट, तू मोठा होऊन पूल बांधशील, माझा वाघ आहेस तू. चालताना झोक जातोय, पोराला वाटतंय आता पडू, आणि तरी त्याला खाली उतरायचं नाहीये. माझा वाघ. तो बारावीत असताना एका सकाळपासून बाबांनी दारू सोडली. शपथ नाही, माळ नाही, कोणाला सांगणं नाही. सोडली ती सोडली. आईनं देवापुढे साखर ठेवली. आणि त्या दिवसापासून ते बोलायचेही थांबले. पहिला नंबर आला, नोकरी लागली, लग्न झालं, घर घेतलं – बाबा मान हलवायचे. त्या गप्प, स्वच्छ, वेळेवर जेवणाऱ्या माणसाचं सगळे कौतुक करायचे, केतनही करायचा. दुसऱ्या माणसाची आठवण येते असं कसं म्हणणार? कोणाला म्हणणार?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यात काय गेलं असं त्यांनी विचारलं.

"पाणी," बाबा म्हणाले. "नळाचा पाइप निसटला."

इतक्या सहज. केतननं झटक्यात त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात एक ऊब होती, बाईंना विश्वासात घेणारी, किंचित हसरी... हा आवाज तो ओळखत होता. पगार कुठे गेला हे आईला सांगतानाचा आवाज. तो इतकी वर्षं कुठे राहिला होता? या शरीरातच?

"बिअर होती," केतन म्हणाला. "घरी केलेली. प्लास्टिकचा केग फुटला."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मनाशी काहीतरी चुकीचं ठरवलं, आणि डोळा पुन्हा नीट धुतला. टाका नाही, बुबुळ स्वच्छ आहे, पण यीस्ट आहे त्यात, औषधाचे थेंब वाढवा, लाली आली किंवा दुखलं तर रात्रीसुद्धा फोन करा, उद्या सकाळी दाखवायला या. केतननं सगळं दोनदा विचारून घेतलं. बाबा छताकडे बघत पडून होते.

बाहेर बाकावर थेंब मुरेपर्यंत बसायचं होतं. केतनला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, तुम्ही घरात असताना मी हे ठेवायला नको होतं, आणि ते 'तुम्ही घरात असताना'पाशी अडकत होतं, कारण त्याचा अर्थ उघड होता. बाबांनी डोळे मिटले होते.

"चार दिवस ऐकतोय मी तिला," ते म्हणाले. "चादरीखाली बुडबुडत होती."

केतननं थेंबांची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"म्हटलं, हा सांगेल. नाही सांगितलंस." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "चांगली झालीय."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगावर काटा आला. दवाखान्यातली एक बाई नाव पुकारत होती, पंखा फिरत होता, आणि त्याच्या छातीत भीतीच्या शेजारी, तिला खेटून, काहीतरी गरम वर चढत होतं. फेसासारखं. आनंद होता तो. उघडा, निर्लज्ज आनंद. माझ्या हातच्या एका गोष्टीला या माणसानं चांगलं म्हटलं. जी गोष्ट या माणसाला मारू शकते, तिला.

फोन वाजला. आई. खडवलीहून, रोजच्यासारखी, डोळा कसा आहे विचारायला. केतन बोलणार तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि त्यानं फोन दिला, का दिला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"अगं मालन, काही नाही, मजेत आहे," बाबा त्याच उबदार आवाजात म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले, पोह्यांबद्दल, सुनेबद्दल, गॅलरीतल्या वाऱ्याबद्दल. पलीकडे आई गप्प झाली होती. केतनला ती दिसत होती, ओट्याशी उभी, फोन कानाशी घट्ट धरून, नवऱ्याला इतकं बोलताना ऐकून... तिला शब्दांची गरज नसते. तिनं शेवटी काहीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही गं. कुठून येणार?" हे खरंच होतं. एक थेंब, मिशीवरचा. त्याला पिणं म्हणतात का? केतननं फोन हातातून घ्यायला हवा होता. आई, असं असं झालं. त्यानं घेतला नाही. डोळ्यासाठी त्याला खरं बोलता आलं होतं. यासाठी आलं नाही.

घरी येईपर्यंत वर्षालीनं गॅलरी फिनाइलनं धुतली होती. कपडे पुन्हा मशीनमध्ये फिरत होते. केगचं फाटलेलं तपकिरी अंग, पाइप, उरलेल्या पुड्या, सगळं तिनं एका पोत्यात भरून दाराशी ठेवलं होतं. ती चिडून बोलली नाही, जेवण वाढताना बोलली. हे आता या घरात नको. बाबांसाठी म्हणत नाही, तुझ्यासाठी म्हणते. केतननं मान हलवली, आणि ती मनापासून हलवली. बाबा समोर भात कालवत होते, हात स्थिर होता, नेहमीचा, काही ओळखता न येणारा.

दुपारी थेंब घालायचे होते. बाबा पलंगावर उताणे. केतननं खालची पापणी बोटानं हलकेच ओढली. तो डोळा इतक्या जवळून त्यानं कधी पाहिला नव्हता – आत बसवलेलं नवं भिंग कुठेतरी चमकलं, आणि त्या डोळ्यात त्याचं स्वतःचं तोंड होतं, छोटं, वाकलेलं. लाली नव्हती. निदान अजून तरी नव्हती. त्यानं थेंब सोडला. केसांना अजून वास होता. उद्या-परवा कधीतरी जाईल, किंवा आपल्याला येईनासा होईल.

"कडू जरा जास्त होती," बाबा पापणी मिटून म्हणाले. इतक्या हळू, की स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये.

थेंबांच्या बाटलीचं टोपण लावता लावता केतनला कळलं की आपण थांबलो आहोत, श्वास धरून, ते पुढे आणखी काही म्हणतील म्हणून. आणि ते म्हणत नव्हते, त्यांचा श्वास लयीत पडत चालला होता, आणि दरम्यान त्याच्या डोक्यात कोणीतरी, त्याला न विचारता, शांतपणे हिशेब मांडायला सुरुवात केली होती... हॉप्स निम्मे, उकळी उशिरा, साखर थोडी कमी.