मोखालोची फांदी

शनिवारी पहाटे माझ्या पोराला, ओलेबिलेला पुरायचं होतं. त्याचं प्रेत आमच्या ताब्यात आलं होतं, पण पोरगा अजून हिऱ्यांच्या खाणीतच होता. माणूस दरडीखाली गेला की त्याचा जीव जिथल्या तिथे घुटमळतो. तिथे मोखालोच्या झाडाची काटेरी फांदी टेकवायची, नाव घेऊन हाक मारायची आणि फांदी घेऊन घर गाठेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की जीव वाटेतच उतरतो. ही माझ्या आईकडची रीत. माझ्या तोंडाला आवर नाही हे गावाला ठाऊक, म्हणून माझा भाऊ मोखानेदी निघतानाच म्हणाला, "ताई, दात आवळून ठेव. तुझ्या जिभेपायी भाचा रस्त्यात राहायचा."

खाणवाल्यांनी आत सोडलं हेच नवल. खड्ड्याच्या तळाशी मी फांदी टेकवली. "चल बाळा, गुरं वाट बघतायत," म्हटलं आणि ओठ मिटले.

फाटकावर झडती घेणारी बोइत्शेपो आमच्याच गावची. खाली मान घालून म्हणाली, "म्मा-ओलेबिले, फांदी इथेच ठेवावी लागेल. आत आलेलं काही बाहेर जात नाही. ट्रकसुद्धा आतच गंजून मरतात."

"माझा भाचा काय ट्रक आहे गं?" मोखानेदी उसळला.

"मामा, सालीत कुणी खडा दडवला तर? तुकडे करून तपासावी लागेल. आणि तुकडेही आतच राहतील."

मी दात आवळले. मोखानेदीचा आवाज उतरला. "ताई, हिरे आहेत म्हणून देश चाललाय. तुझी पेन्शन, तुझ्या फुकटच्या सरकारी गोळ्या, ह्या बोइत्शेपोची शाळा, सगळं ह्याच खड्ड्यातलं. तुला सोडलं तर उद्या सगळेच फांद्या घेऊन येतील."

खरंच होतं. त्या गोळ्या नसत्या तर ओलेबिले रांगत होता तेव्हाच मी गेले असते.

बोइत्शेपोने हात पुढे केला. तिच्यामागे भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली होती. मी फांदी छातीशी धरली, काटे रुतले. तशीच मागे वळले आणि आतल्या बाजूला, कुंपणालगत ती मातीत रोवली. मग तोंड उघडलं.

"ओलेबिले, इथंच थांब. ह्यांचं तुझ्यावाचून भागत नाही."

मोखानेदीने टोपी काढली.

मी पोरीसमोर हात पसरले. "घे बाई झडती. नीट घे हो, देशाचं नुकसान नको."

रडत रडत तिने माझे केस, तोंड, चपलांचे तळ, सगळं तपासलं.

शनिवारी आम्ही नुसतं प्रेत पुरलं.