कॅप्टनबाईंची फुंकर

सकाळी ट्रक फाटकाबाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने कॅप्टनबाईंसमोर उभं राहून यंत्रात फुंकायचं, असा गोदामाचा नियम होता. हिरवा दिवा लागला तर चावी हातात, लाल लागला तर घरचा रस्ता. हा नियम बाईंनीच आणला होता. त्या येण्याआधी गोदामाचे ट्रक दिसेल त्या खांबाला भेटून यायचे. त्या आल्या आणि गावातले खांब सुखी झाले.

लष्करात त्यांनी रसद नेणाऱ्या ट्रकांचे ताफे सांभाळले होते. निवृत्तीनंतर इथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागल्या. पाठ ताठ, आवाज खालच्या पट्टीतला, चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा. कुणी हुज्जत घातली, शिव्या दिल्या, तरी त्यांची भुवई हलत नसे. मॅनेजर नव्या लोकांना सांगायचा, "टेन्शन कसं घ्यायचं नाही, हे बाईंकडून शिका."

बाई टेन्शन घेत नव्हत्या हे खरंच होतं. त्या व्होडका घेत होत्या.

कपाटात पाण्याची बाटली असायची, तिच्यात पाणी सोडून बाकी सगळं असे. घरून निघताना थोडी, रांग संपली की थोडी, आणि वासासाठी पुदिन्याच्या गोळ्या. झिंगायला म्हणून त्या कधी प्यायल्या नाहीत. छातीत काहीतरी वर येऊ लागे, ते परत खाली बसवायला प्यायच्या.

ते वर येणारं फार जुनं होतं. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांच्या ताफ्यातला शेवटचा ट्रक दरीत गेला होता. काही झालं तरी थांबायचं नाही, असा हुकूम होता. बाई थांबल्या नाहीत. उरलेला ताफा त्यांनी मुक्कामाला पोचवला आणि मग सगळ्यांसमोर त्यांच्या संयमाचं कौतुक झालं. त्या संध्याकाळी वरिष्ठांनी हातात ग्लास दिला. "घ्या, झोप लागेल." लागली. औषध लागू पडलंय म्हटल्यावर बाईंनी ते पुढे कुणाला न विचारता चालू ठेवलं.

घरी थोरली बहीण होती. ताई शिवणकाम करायची, आणि शिवता शिवता रेडिओवरच्या बातम्या ऐकूनसुद्धा डोळे पुसायची. आई गेली तेव्हा कॅप्टनबाईंनी सगळी व्यवस्था चोख केली, पाहुण्यांना चहासुद्धा वेळेवर दिला. ताई तेव्हा म्हणाली होती, "तुला रडू कसं येत नाही गं? तिकडे शिकवतात का तसं?"

"हो," बाई म्हणाल्या होत्या.

गोदामाचं यंत्र बदललं त्या आठवड्यात बाईंनी पैलवानाला लाल दिव्यावरून घरी बसवलं होतं. पैलवान म्हणजे सगळ्यात जुना ड्रायव्हर, अंगाने दांडगा आणि तोंडाने गोड. "बाई, रात्रीची आहे हो, सकाळी शिवलोसुद्धा नाही!" म्हणून त्याने गयावया केली. बाईंनी ऐकून घेतलं आणि चावी खणात टाकली.

यंत्र जुनं झालं म्हणून कंपनीने नवं मागवलं. ते घेऊन एक तंत्रज्ञ आला. मॅनेजरला समारंभांची हौस दांडगी. त्याने सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात गोळा केलं. पैलवानही बघायला येऊन उभा राहिला.

"उद्घाटन कॅप्टनबाईंच्या हस्ते!" मॅनेजर म्हणाला. मग स्वतःच हसला. "हस्ते कसलं, मुखे! फुंका बाई."

नाही म्हणायला कारण हवं आणि कारण एकच होतं. टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी नळी तोंडात धरली आणि फुंकलं.

लाल दिवा लागला. नव्या यंत्राला भोंगाही होता. तो जो कोकलायला लागला तो थांबेचना.

अंगणभर हशा पिकला. मॅनेजरचा चेहरा पडला. "अहो, हे काय ध्यान आणलंत?" तो तंत्रज्ञावर खेकसला.

"साहेब, यंत्र चोख आहे." तंत्रज्ञाने स्वतः फुंकून दाखवलं. हिरवा.

"मग बायकांवर चालत नसेल!"

कँटीनवालीला बोलावून आणलं. ती पदराला हात पुसत आली आणि फुंकून गेली. हिरवा.

"खोकल्याचं औषध!" मॅनेजरला एकदम सुचलं. "बाई, तुम्ही खोकल्याचं औषध घेतलंय. हो ना?"

बाईंनी मान हलवली. इतकं सोपं होतं ते. बारा गावचं पाणी प्यायलेल्या ड्रायव्हरांनी रचलेल्या थापा त्यांनी रोज परतवल्या होत्या, आणि त्यांना स्वतःला एक थापसुद्धा मारावी लागली नाही. ती आयती समोर आली.

तेवढ्यात पैलवान पुढे झाला. "साहेब, मग त्या दिवशी मला पण खोकलाच होता."

"आम्हाला पण होता!" मागून दोघं-तिघं ओरडले.

मॅनेजरला बाजू सावरायची घाई झाली होती. "बरं बरं, यंत्रच बाद समजू. बाई, पैलवानाची चावी देऊन टाका."

बाईंनी खणातून चावी काढली. पैलवान हात पुढे करून अगदी जवळ आला, विजयाने हसला, आणि बाईंना वास आला. पुदिन्याच्या गोळ्यांचा. त्यांच्याच आवडीच्या.

बाईंनी चावी मुठीत आवळली. पैलवान माल लादलेला ट्रक घेऊन भर रस्त्यात निघणार होता, आणि समोर कोण येईल कोण जाणे.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. नेहमीच्या खालच्या पट्टीत म्हणाल्या, म्हणून गलक्यात कुणाला ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी आवाज चढवला. इतका चढलेला आवाज गोदामाने कधी ऐकला नव्हता.

"यंत्र बरोबर आहे! मी प्यायलेय! आज प्यायलेय, काल प्यायले होते, रोज पिते!"

मॅनेजरचे डोळे पाणावले. "बघा, बघा रे," तो ड्रायव्हरांकडे वळून म्हणाला, "नियम टिकावा म्हणून बाई स्वतःवर आळ घेतायत. याला म्हणतात शिस्त!" आणि पुन्हा टाळ्या.

कॅप्टनबाईंनी हात टेकले. आत जाऊन कपाटातली बाटली आणली, झाकण काढलं आणि मॅनेजरच्या हातात दिली. "प्या."

त्याने पाणी समजून मोठा घोट घेतला. ठसका ओसरायला बराच वेळ लागला. तोवर बाईंनी पैलवानाला नवीन यंत्रात फुंकायला लावलं. भोंगा पुन्हा कोकलला. चावी पुन्हा खणात गेली.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त धक्का बसला तो ड्रायव्हरांना. लाल दिव्याची ज्यांना सवय होती, ते कपाळाला हात लावून बसले. "आपलं ठीक आहे," पैलवान म्हणाला, "पण बाईमाणसानं?" पुढे त्याला फुंकायला न लावणाऱ्या दुसऱ्या गोदामात काम मिळालं. मॅनेजरने बाईंना मात्र सुट्टी दिली, उपचार घेऊन या म्हणाला.

ताईला त्यांनी घरी सांगितलं. ताईने मशीन थांबवलं. बराच वेळ ती कापडाची शिवण नखाने खरवडत राहिली.

"मला वाटायचं, तुला काही वाटतच नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि मी तुला किती बोलले."

दुसऱ्या दिवशी दोघी व्यसनमुक्ती केंद्रात गेल्या. टेबलामागच्या माणसाने बाईंची ताठ पाठ पाहिली आणि अदबीने विचारलं, "पेशंट कुठे आहेत? मिस्टर बाहेर गाडीत बसलेत का?"

"पेशंट मी आहे."

तो ताईकडे बघून म्हणाला, "म्हणजे ह्या?"

"ह्या नाही हो, मी!"

बायकांसाठी वेगळी खोलीच नव्हती. चादरी ठेवायच्या खोलीत त्यांची खाट टाकली. पहिले काही दिवस घाम, उलट्या आणि थरथर यांत गेले. पुढे समुपदेशक मुलगी रोज समोर बसून विचारायची, "आत्ता काय वाटतंय?" आणि बाई रोज सांगायच्या, "सगळं ठीक आहे." मुलगी चिवट होती. तिने विचारणं सोडलं नाही.

एके सकाळी चहा गार मिळाला. नुसता गार चहा. बाईंनी कप उचलला आणि भिंतीवर फोडला. मग त्या चहावरून जे बोलायला लागल्या ते हुकमावर आल्या, दरीवर आल्या, वायरलेसवर हाका मारत राहिलेल्या आणि मग बंद पडलेल्या त्या आवाजावर आल्या. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, म्हणाल्या. कौतुकाच्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी थँक्यू म्हटलं, म्हणाल्या. आणि मग हमसून हमसून रडल्या.

समुपदेशक मुलीला आनंद लपवता येईना. "छान! फार छान!" ती म्हणाली. आयुष्यभर नीट वागल्याबद्दल शाबासकी मिळवलेल्या बाईंना गैरवागणुकीबद्दल मिळालेली ही पहिलीच शाबासकी. त्या ओशाळून केरसुणी शोधायला गेल्या.

दुपारी त्यांनी ताईला फोन लावला.

"आज मी चारचौघांत कप फोडला."

"कुणाला लागलं का?"

"नाही."

"मग फोडू दे. रडलीस?"

"हो. अजून थांबत नाहीये." आवाज फाटत होता, तो त्यांनी फाटू दिला.

"थांबवू नकोस. रविवारी येते मी. काय आणू?"

कॅप्टनबाईंनी नाक पुसायला काही शोधलं. खोलीत सगळ्या चादरीच होत्या.

"रुमाल आण," त्या म्हणाल्या. "बरेच आण."